मातीचा किल्ला

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि तुळशीचे लग्न होईतो तो ढासळूनही जातो. परंतु माती आणि खडू उपसून रचलेला एक किल्ला इंग्लंडात दोन हजार वर्षांवर तग धरून आहे. डॉर्सेट परगण्यात डॉर्चेस्टर गावाजवळचा हा मेडन कॅसल. रायगड-राजगड पाहिलेल्या डोळ्यांना तो प्रथमदर्शनी किल्ला वाटायचाच नाही; हिरवळीने झाकलेल्या तीन-चार प्रचंड वरंब्यांची टेकडी, एवढेच!

सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी नवाश्मयुगातील माणसांनी टेकडीच्या माथ्याभोवती, मधूनमधून वाटा सोडून, चर खणले. त्याच जागी इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास तट चढला आणि पुढे वाढत वाढत त्याने ४७ एकर जागा कवेत घेतली. पूर्वेच्या वेशीजवळ गोफणगुंड्यांचा वीस हजारांवर साठा सापडला. आमच्याकडे माळ्यावरून पाखरे राखणारी गोफण तिथे वेस राखीत होती!

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी येथे उत्खनन आरंभिले. टेसाबाई मात्र १९३६ मध्येच निवर्तल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नावारूपाला आलेले डॉ. सांकलिया विद्यार्थिदशेत याच मातीत शिकले, आणि व्हीलरसाहेब १९४४ मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले.

वेशीपाशी सांगाडे निघाले. एकाच्या मणक्यात लोखंडी पाते रुतलेले. इ. स. ४३ मधील रोमन स्वारीत झालेली ही कत्तल, असे व्हीलरांनी रंगवून सांगितले आणि जगाने ते मानले. परंतु हाडे जपून ठेवलेली होती. त्यांची कार्बन-कसोटी झाली आणि २०२५ मध्ये निराळेच बाहेर आले: ही माणसे एका दिवशी नव्हे, काही पिढ्यांच्या अवधीत मेली होती. खोदणाऱ्याची चूकही जपलेल्या पुराव्यानेच सुधारता येते. चोराने उकरले म्हणजे चूक कळायचीही सोय उरत नाही.

हे टॉमस हार्डीने फार आधी ओळखले होते. १८८५ मधील त्याच्या एका कथेत एक विद्वान याच किल्ल्यावर वादळी रात्री चोरून खोदतो, सापडलेली छोटी मूर्ती परत पुरली म्हणतो, आणि मेल्यावर ती त्याच्याच सामानात निघते! पुरातन वास्तूंचा पहिला इंग्रजी कायदा १८८२ चा. पण जागेच्या मालकापुढे तो लुळा होता. १९७९ च्या कायद्याने मात्र अशा संरक्षित स्थळी परवानगीवाचून कुदळ मारणे किंवा धातुशोधक यंत्र फिरविणे गुन्हा ठरला.

राहता राहिली पाहुण्यांची पावले. त्यांनी तट इतके झिजले की १९८५-८६ मध्ये पुन्हा उत्खनन करावे लागले. तटावर आता मेंढ्या चरत असतात.