सुट्टी, बाग आणि आपला हक्क

"उद्यान आणि मनोरंजन व्यवस्थापन शिकून काय करणार, माळीकाम?" असा प्रश्न आपल्याच वस्तीत विचारला जातो. अमेरिकेत हा स्वतंत्र पदवीचा विषय आहे. आपल्याकडे तो उद्यानविद्या, वनशास्त्र, पर्यटन व्यवस्थापन अशा शाखांत विखुरलेला आहे. पण या विषयाशी आपले नाते नोकरीपुरते नाही, त्यामागे इतिहास आहे.

१९०१ साली साताऱ्यात शिकणारा लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाला होता. कशासाठी? उन्हाळ्याची सुट्टी घालवायला. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिल्या रेल्वेप्रवासाचा आनंद. मसूर स्टेशनवर जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, मुलांनी स्वतः हाकली. जवळ खायला होते, पण पाणी मिळाले नाही. सवर्णांच्या मुलांना सहज मिळणारी सुट्टी आपल्या मुलांना जातीने नाकारली, ती अशी.

त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे. साहेबांच्या विश्रांतीसाठी इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास ते वसवायला घेतले. तिथल्या बागांत चिनी कैदी राबले. विश्रांती एकाची आणि घाम दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्या ओळखीचीच आहे.

ही वाटणी आपोआप मोडली नाही. १९२३ मध्ये बोले ठराव झाला. सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२७ मध्ये महाडला जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आणि लोकांच्या वापराच्या जागाही आल्या. म्हणजे बागेत बसणे हा मूलभूत हक्क ठरला.

पण हक्क मिळाला तरी किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी उद्यानांसाठी दावा लावला, तेव्हा नगर प्रशासनाने १९५९ च्या सुरुवातीला सगळी उद्यानेच बंद केली. ती १९६५ मध्ये उघडली. कारभार ज्याच्या हातात, तो दरवाजाच बंद करू शकतो.

आता आपल्याकडे पाहू. कास पठार, कोयना आणि चांदोली २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. त्याआधी २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सांगलीत सागरेश्वरचे मानवनिर्मित अभयारण्य आहे. तिकीट किती, रोज किती माणसे सोडायची, जंगलासाठी कोणते गाव उठवायचे, गाइड कोण, पार्किंगचा ठेका कोणाला, नगरपालिकेची बाग कोणत्या वस्तीत करायची, हे सगळे व्यवस्थापनाचे निर्णय आहेत. ते घेणाऱ्या टेबलावर आपण किती जण आहोत? झाडू आणि कुदळ आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. नकाशा आणि अंदाजपत्रक कधी येणार?

म्हणून बारावीनंतर दिशा शोधणाऱ्या भावाबहिणींना आम्ही सांगतो, उद्यानविद्या शिका, वनशास्त्र शिका, पर्यटन व्यवस्थापन शिका. सोबत अनुच्छेद १५ पाठ करा. मसूरला अडवलेली ती सुट्टी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे, आणि त्या बागेचा आराखडा आपल्या हातचा असला पाहिजे.

जय भीम!