अफगाण चर्च : कुलाब्यातील दगडी स्मारक

कुलाब्याहून नेव्हीनगरकडे जाताना झाडीच्या वर एक उंच दगडी सुळका दिसू लागतो. ‘सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ हे या चर्चचे अधिकृत नाव. मुंबईकर मात्र त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले.

४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्च उपासनेस खुले केले. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला पहिले नळाचे पाणी देणारी विहार तलावाची योजनाही याच अभियंत्याने आखली होती. पैशांअभावी मनोरा मात्र अपुरा राहिला. त्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने साडेसात हजार रुपये दिले. जेम्स ट्रबशॉ यांनी आराखड्यात फेरबदल केल्यानंतर १९८ फुटी मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो दुरूनच खूण पटवी.

व्हिक्टोरिया टर्मिनस वा विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहण्यापूर्वीच गॉथिक शैली येथे अवतरली होती. निमुळत्या कमानी, उंच छत, विल्यम वेल्स यांनी घडविलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या आणि विलायतेहून आणलेल्या नक्षीदार फरशा हे सारे इंग्लंडच्या एखाद्या गावातले वाटते. वेदीमागील पडदी आणि बाके विल्यम बटरफिल्ड यांच्या कल्पनेतली. दगड मात्र इथलाच. मनोऱ्यातील आठ घंटा १९०४ मध्ये लॉफबरोच्या टेलर ओतशाळेतून आल्या.

तरीही पाहुण्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो वेदीजवळच्या भिंतीला. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने वा शस्त्राने मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे तेथे ओळीने कोरलेली आहेत. साध्या सैनिकांचाही उल्लेख आहे, पण एकत्रित. ते संख्येने इतके होते की नावे देणे शक्य झाले नाही, असा खुलासा लेखातच केला आहे. सर जॉन कीन यांच्या हाताखाली सिंधमार्गे गेलेल्या मुंबईच्या फौजेत हिंदी शिपायांचा मोठा भरणा होता. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या सुमारे ४,५०० सैनिकांत गोरे जेमतेम ७०० होते. त्यांच्यासोबत सुमारे १२,००० बाजारबुणगे होते. बर्फात आणि खिंडीत ही फौज जवळजवळ संपूर्ण कापली गेली. भिंतीवर बाजारबुणग्यांचा उल्लेखही नाही.

१९७० मध्ये अँग्लिकन पंथासह अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अफगाण चर्चचा कारभार तेव्हापासून त्याच्याकडे आहे.