निराधारचा पगार

संजय गांधी निराधार अनुदान योजना हे लांबलचक नाव आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसलं नाही. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८०मध्ये ती सुरू झाली आणि गावानं तिला 'निराधारचा पगार' करून टाकलं. पैसा कशावर उडवला हे कुणी विचारत नाही. मिळेपर्यंत मात्र सगळं विचारतात. उत्पन्नाचा दाखला, नवरा गेल्याचा दाखला, अन् दरसाल आपण जित्या असल्याचा दाखला.

आमच्या चुलतीला तो लागला तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. पहिली दोन वर्षं डोळ्यांना दिसावं असं काहीच घडलं नाही. तेल, मीठ, चहापत्ती, एवढंच. पण वाणी आता तिला उधार देऊ लागला. 'पगारवाली हाय, जाती कुठं?' म्हणायचा. आधी पावसाळ्यात ती बागायतदाराकडून उचल घ्यायची आणि मग तो म्हणेल त्या रोजानं खुरपायला जायची. उचल थांबली तशी ती रोज ठरवूनच घराबाहेर पडू लागली. माझ्या मते खरा फरक पडला तो इथं. शेळी नंतर आली. तोवर दुसऱ्याच्या शेळ्या अर्धलीनं पाळायची, ही तिची स्वतःची. करडं विकून पोरीची दहावी झाली.

'फुकटचा पैसा दारूत जातो' हे पारावरचं ठरलेलं वाक्य. मध्य प्रदेशात २०११ साली 'सेवा' संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत माणशी महिना २०० आणि लेकराला १०० रुपये बिनअटीचे दिले, पुढं ते ३०० आणि १५० केले. तिथंही दारू वाढली नाही. जनावरं वाढली, कर्ज हललं.

रकमेचं मात्र रडगाणंच. कित्येक वर्षं ६००वर अडलेली, २०१९मध्ये १००० झाली, २०२३मध्ये १५००. तोवर तेलाचा डबा कुठल्या कुठं गेला होता. शिवाय पैसे बँकेत यायला लागल्यापासून पासबुक कुणाच्या ट्रंकेत, यावरून घराघरांत धुसफूस. आमच्या चुलतीनं ते लेकाला दिलं नाही, कमरेच्या पिशवीत ठेवलं.

२०१९पासून किसान सन्मानचे वर्षाला ६०००, तीन हप्त्यांत. चार महिन्यांनी येणारा हप्ता खताच्या पोत्यात जातो, महिन्याचा पैसा चुलीपर्यंत पोचतो. आणि तो सन्मान सातबारावर नाव असणाऱ्याला. चुलतीच्या नावावर गुंठाभरही रान नाही.