कॉलेजात गेलेल्या मुलामुलींसाठी पॉडकास्ट : काय, कशाला आणि कसा

उर्दू शाळेत मूल 'जियाई तालीफ' शिकते. मराठी शाळेत तेच 'प्रकाशसंश्लेषण' असते आणि बी.एस्सी.च्या वर्गात ते 'फोटोसिंथेसिस' होऊन समोर येते. मूल हुशार असते, पण गप्प बसते. आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो. दहावीला पुढे असलेली मुलगी कॉलेजात मागच्या बाकावर जाते, आणि दिवाळीनंतर घरचे सांगतात, "तिचं मन लागत नाही तिथं." मन लागत नाही म्हणजे नेमके काय, हे कुणी विचारत नाही. घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच असेल, तर विचारणार तरी कोण?

अशा मुलांसाठी पॉडकास्ट कामाचा आहे. पॉडकास्ट म्हणजे आवाजात रेकॉर्ड केलेला कार्यक्रम, हवा तेव्हा मोबाईलवर ऐकायचा. हा शब्द २००४ मध्ये आला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचेही 'विद्यावाणी' आहे. पण असा रेडिओ कॅम्पसच्या आसपासच ऐकू येतो. आपले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ चे, पाच जिल्ह्यांचे. यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर. उमरखेडच्या मुलासाठी तर विद्यापीठ म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का! पॉडकास्टला अंतराची अडचण नाही. आर्णीहून एसटीने अपडाऊन करणारा मुलगा तो बसमध्येच ऐकेल.

ऐकवायचे काय? २०२४ च्या यूपीएससी परीक्षेत आपल्या यवतमाळची अदीबा अनम १४२ व्या क्रमांकाने पास झाली. वडील ऑटोरिक्षा चालवतात. पुण्यात गणितात बी.एस्सी., मग मुंबईचे हज हाऊस आणि दिल्लीच्या जामिया मिल्लियाची कोचिंग, आणि त्याआधीच्या प्रयत्नांतले अपयशही. एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला तेव्हा तिच्या मुलाखती घराघरांत पाहिल्या गेल्या. त्याने हिंमत आली, यात शंका नाही. तरी आमचे मत वेगळे आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला कलेक्टरपेक्षा दोन वर्षे पुढे असलेली बाजी जास्त उपयोगी पडते. महाडीबीटीचा फॉर्म कुठे अडकला, नॉन क्रिमिलेअर दाखल्याला कोणते कागद लागले, वर्गात पहिला प्रश्न विचारताना काय झाले, पहिल्या इंटरव्ह्यूत इंग्रजीत अडखळल्यावर ती काय बोलली, हे तीच सांगू शकते. नर्सिंग केलेली, फार्मसीत लागलेला, आयटीआयनंतर अप्रेंटिस झालेला, असे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना कुणी बोलते केलेले नाही, एवढेच.

बोलणे घरातल्या भाषेतच व्हावे, उर्दू-मराठी मिसळलेले, मध्ये वऱ्हाडी आली तरी चालेल. विषयातले अवघड शब्द मात्र तिन्ही भाषांत सांगावेत.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. व्हिडिओला बरेच पालक नाही म्हणतात. पॉडकास्टमध्ये चेहरा नसतो. पूर्ण नाव, मोहल्ला सांगायची गरज नाही. आवाजालाही हरकत असेल तर मुलीने लिहून द्यावे, वहिनीने किंवा खालाने वाचावे. सुरुवातीला ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरतेच ठेवले तरी काम होते.

खर्च जवळपास नाही. मोबाईलचा रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद करावा आणि रजया-गाद्या रचलेल्या खोलीत बसावे, आवाज घुमत नाही. ६४ केबीपीएसवर २० मिनिटांची फाइल साधारण १० एमबीची होते, तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट डेटा खातो. प्रश्न आधी लिहून काढावेत, उत्तरे पाठ करू नयेत. पाठ केलेले लगेच कळते.

बोलणाऱ्याची परवानगी घेऊनच फाइल पुढे पाठवावी. आणि फॉर्मची शेवटची तारीख रेकॉर्डिंगमध्ये सांगू नये. ती दरवर्षी बदलते आणि जुनी फाइल फिरतच राहते. तारीख सोबतच्या मेसेजमध्ये लिहावी.