इनाम, प्रवेश फी आणि प्राइझ पूल : परभणी परिसरातील सामन्यांच्या आयोजनाविषयी

खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा खेळाडूंचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी कोणास चीत केले याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहते. परंतु फड कोणी आखला, जोडी कोणी लावल्या आणि इनामाची रक्कम कोणाच्या कनवटीतून आली, हे फारसे कोणी नोंदवीत नाही. प्रस्तुत निबंधात या उपेक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त झाले आहे ते मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाच्या सामन्यांचे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील महाविद्यालयीन तरुणांना हा खेळ ‘बीजीएमआय’ या आद्याक्षरांनी परिचित आहे. त्याचे चाहते आपापसांत जे सामने घेतात, त्यांना पूर्वपरंपरा नाही असा समज आहे. पूर्वपरंपरा आहे, मात्र ती खेळात नसून बक्षिसाच्या पैशात आहे.

प्रथम यात्रेतील कुस्त्यांचा विचार करू. मराठवाड्यात या मेळाव्यास ‘दंगल’ म्हणतात, तर अन्यत्र ‘फड’ किंवा ‘मैदान’. कोल्हापुरास शाहू महाराजांसारखा आश्रयदाता होता आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. गावोगावच्या यात्रेतील दंगलीस आश्रय असे तो गावाचाच. यात्रेपूर्वी वर्गणी जमे. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर सुटत, पुढे रकमेच्या लागत, आणि अखेरची कुस्ती मानाची. रक्कम आणि देणाऱ्याचे नाव फडात मोठ्याने पुकारले जाई. पंच कुस्ती निकाली झाल्याचे सांगत आणि रोख रक्कम तेथेच पहिलवानाच्या हातावर पडे. या व्यवस्थेत पहिलवान स्वतः एक पैसाही भरीत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. तो खुराक घरचा खातो, पण इनाम पाहणाऱ्यांच्या पैशातून उचलतो. ‘इनाम’ हा अरबी मुळाचा शब्द निजामी मुलखात जमिनीलाही लागे; त्यात वरून खाली आलेल्या देणगीचा अर्थ आहे. गावाने तो शब्द कायम ठेवला आणि देणारा मात्र बदलला.

दुसरा टप्पा संस्थांचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले; बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले. सामना भरविणाऱ्यांनीच खेळाचे नियम ठरविण्याचा हा काळ. पुढे १९६१ साली ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली स्पर्धा औरंगाबादेस झाली, तेव्हा इनामाच्या जोडीस किताब आला. ‘बक्षीस’ या फारसी शब्दाशेजारी ‘पारितोषिक’ हा संस्कृत शब्द छापील पत्रकांवर स्थिरावला तो याच संस्थात्मक वातावरणात. टेनिस चेंडूच्या क्रिकेट सामन्यांचे फलक आजही चौकाचौकांत लागतात. त्यांवर ‘प्रथम पारितोषिक’ आणि त्याखाली ‘सौजन्य’ म्हणून कोणा पुढाऱ्याचे वा दुकानदाराचे नाव असते. तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रवेश फी’ असते. म्हणजे खेळणारा येथे प्रथम पैसे भरू लागला, तरी बक्षिसाचा मोठा वाटा अद्याप तिऱ्हाइताचाच होता.

खेळणाऱ्यांच्या फीमधूनच बक्षीस उभे राहिले तर काय, हा प्रश्न आपल्या कायद्यापुढे मोबाइलच्या फार आधी आला होता. १९४० आणि १९५० च्या दशकांत वृत्तपत्रांतून शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना ऊत आला होता. प्रत्येक उत्तरासोबत फी पाठवावयाची, पोस्टाने; स्पर्धक एकमेकांचे तोंडही पाहत नसत. संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांविषयी अधिनियम करून महिन्याकाठी एक हजार रुपयांहून अधिक मूल्याच्या बक्षिसांच्या स्पर्धांस मनाई केली. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा प्रसिद्ध खटला याच प्रकारचा. स्पर्धेचे नियतकालिक निघे बंगलोरास आणि कूपने भरली जात मुंबई राज्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या एप्रिलमध्ये जुगार हा व्यापारच नव्हे असे ठरविले. सोबतच्या दुसऱ्या निकालात, जेथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धांना मात्र व्यवसायाचे संरक्षण दिले. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने लोटले होते. दूरस्थ आयोजक, अदृश्य प्रतिस्पर्धी आणि फीतून उभे राहिलेले बक्षीस ही तिन्ही लक्षणे आजच्या सामन्यांतही आहेत. त्या काळी पोस्टमन होता, इतकाच फरक.

आता मूळ विषयाकडे येऊ. हे सामने ज्या दोन गोष्टींमुळे शक्य झाले त्या दोन्ही २०१६ सालच्या : एप्रिलमध्ये सुरू झालेली यूपीआय ही पैसे पाठविण्याची व्यवस्था आणि सप्टेंबरमध्ये आलेले जिओचे स्वस्त इंटरनेट. पहिल्या गोष्टीकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. पाथरीच्या मुलाने पूर्णेच्या मुलास पन्नास रुपये क्षणात पाठविण्याची सोय नसती, तर खेळ असता, पण फी घेऊन सामना भरविणे जमले नसते. ‘पबजी मोबाइल’ हा खेळ मार्च २०१८ मध्ये आला. २०२० च्या टाळेबंदीत यात्रा थांबल्या, मैदाने ओस पडली, आणि हा एकच फड उघडा राहिला. खेळाच्या नादाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे : १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीस मार्च २०१९ मध्ये रुळांजवळ या खेळात गढलेले दोन तरुण आगगाडीखाली सापडल्याचे वृत्त देशभर छापून आले होते.

सामन्याची रीत अशी. आयोजक व्हॉट्सअ‍ॅप वा डिस्कॉर्डवर गट करतो आणि ‘स्लॉट’ जाहीर करतो. चौघांचा एक संघ. संघाचा म्होरक्या चौघांचे आयडी आणि फी भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवितो. सामन्यापूर्वी काही मिनिटे ‘रूम’चा आयडी आणि पासवर्ड देण्यात येतो, या जोडीचा ‘आयडीपी’ असा संक्षेप खेळाडूंनी केला आहे. शब्दसिद्धीच्या दृष्टीने तो अभ्यसनीय आहे, कारण मूळ इंग्रजी भाषकास त्याचा अर्थ लागणार नाही. ज्या स्लॉटचा क्रमांक मिळाला त्याच जागी संघाने बसावयाचे, अन्यथा बाहेर. अंतिम क्रमांकाचे आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्याचे गुण मिळवून तक्ता तयार होतो. विशेषण ‘कस्टम’ हे नाम बनून ‘कस्टम खेळणे’, ‘कस्टम लावणे’ असे चालू लागले आहे. जत्रा भरते, बाजार भरतो, शाळा भरते, फड भरतो. ‘भरणे’ या क्रियापदास भरावयास जागा लागते. येथे जागा नाही, तरी ‘रूम भरली’ हे वाक्य शिल्लक आहेच.

आयोजकाचे अधिकार मात्र आक्रसले आहेत. डेक्कन जिमखान्याप्रमाणे त्याला नियम बांधता येत नाहीत. खेळात बंदुका कोणत्या, नकाशे कोणते आणि रूम लावताना कोणते पर्याय बदलता यावेत, हे सारे दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीच्या हाती. त्याच्या हाती उरते ती त्या पर्यायांतली निवड, वेळापत्रक, गुणतक्ता, भांडणाचा निवाडा आणि पैसा. दोन संघांनी संगनमत करून तिसऱ्यास टिपणे यास खेळाडू ‘टीमिंग’ म्हणतात. आपल्या आखाड्यास ‘नुरा कुस्ती’ पूर्वीपासून ठाऊक आहे. नुरा कुस्ती हजार डोळ्यांना कळते आणि शिट्ट्या पडतात. येथे पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट, आणि तो खोटा करता येतो. फी गोळा करून गट बंद करणारा आयोजक ही या सामन्यांची जुनीच व्याधी आहे. फडात पुकारून, रोख, तेथल्या तेथे इनाम देण्याची जी रीत आपण गावंढळ मानतो, ती वस्तुतः हिशेब-तपासणीची पद्धत होती, असे माझे मत आहे.

फडाची जागाच परक्याच्या मालकीची असल्याचा परिणाम लवकरच दिसला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला. २८ जुलै २०२२ रोजी तो पुन्हा अ‍ॅप-दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ अखेर पुन्हा आला. या अवधीत कंपनीने एक कोटी रुपयांच्या बक्षिसांची अधिकृत स्पर्धा घेतली. खेळाडूच्या दृष्टीने ते पुन्हा ‘इनाम’च होते, कारण प्रवेशास फी नव्हती. छोट्या आयोजकापाशी असा दाता नसल्याने तो फीवरच विसंबून राहिला, आणि ‘प्राइझ पूल’ हा शब्द त्याच्या तोंडी शब्दशः खरा ठरला : सर्वांनी ओतावे आणि एकाने उपसावे.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने नेमके याच शब्दावर बोट ठेवले. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा खेळ त्याने, कौशल्याचा असो वा दैवाचा, निषिद्ध केला. तो चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. १९५७ साली न्यायालयाने मानलेला कौशल्य-दैव भेद येथे बाजूस पडला. ‘ई-स्पोर्ट’ला सूट आहे, त्यात नोंदणीची फी घेता येते, परंतु केवळ प्रवेशासाठी किंवा व्यवस्थापनाच्या खर्चासाठी, आणि तो खेळ मान्यताप्राप्त व नोंदलेला असावा लागतो. पंचवीस संघांकडून पन्नास रुपये घेऊन पहिल्यास हजार रुपये देणारा मानवतचा विद्यार्थी यांपैकी कोणत्या बाजूस पडतो? त्याचे साडेबाराशे रुपये प्रवेशाचे की पणाचे? अधिनियमाच्या शब्दांवरून ते पणाचे ठरण्याचा धोका अधिक दिसतो, आणि त्यास ते समजावून सांगणारे कोणी नाही.

चाहत्यांच्या सामन्यांचा आणखी एक प्रकार आहे. एखादा यूट्यूबर आपल्या प्रेक्षकांसाठी विनामूल्य रूम लावतो, सामना सर्वांना दाखवितो, आणि पाहणारे लोक ‘सुपरचॅट’द्वारा जे पैसे पाठवितात त्यांतून विजेत्यास रक्कम किंवा ‘यूसी’ हे खेळातले नाणे देतो. पैसे पाठविणाऱ्याचे नाव आणि रक्कम पडद्यावर झळकते, आणि यूट्यूबर ते मोठ्याने वाचून दाखवितो.