मरहूमांच्या वस्तूंची किंमत कशी काढायची? तरका वाटण्याआधी प्रत्येक घराला माहीत असाव्यात अशा गोष्टी

घरातलं मोठं माणूस अल्लाहला प्यारं झालं की जमीन, घर आणि बँकेतल्या रकमेची चर्चा लगेच सुरू होते. कपाटातलं घड्याळ, जुनी नाणी, किताबांचा संग्रह, पानदान, अंगठी यांच्याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे ती वस्तू जाते. शरीअतच्या नजरेत मात्र मय्यतच्या मालकीची प्रत्येक छोटी-मोठी वस्तू तरक्यात येते आणि तिच्यात प्रत्येक वारसाचा हक्क असतो.

आमच्या पाहण्यातल्या एका घरात दादीचं काळं पडलेलं पानदान भंगारवाल्याला किलोच्या भावाने गेलं. ते चांदीचं जडावकाम केलेलं बिदरी काम होतं, हे नंतर कळलं. घरातल्या तीन बहिणींचा वाटा त्या दिवशी भंगारात गेला. म्हणून ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

आधी काय वेगळं काढायचं

घरात आहे ते सगळं मय्यतचं नसतं. शोहर वारले असतील तर बीवीचे माहेरहून आलेले दागिने, मेहर म्हणून मिळालेलं सोनं, तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या वस्तू हे सगळं तिचं आहे. ते तरक्यात धरायचं नाही. कुणाची अमानत, उसनी आणलेली वस्तू, मशीद किंवा मदरशाचे पैसे मय्यतकडे असतील तर तेही बाजूला काढून ज्याचे त्याला द्यायचे.

उरलेल्या मालातून क्रमाने चार गोष्टी होतात. पहिला कफन-दफनचा वाजवी खर्च. दुसरं कर्ज, आणि न दिलेला मेहर हेसुद्धा कर्जच आहे. तिसरी वसीयत, तीही जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. वारसाच्या नावाने केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. चौथी वाटणी, सूरह निसाच्या आयत ११, १२ आणि १७६ मध्ये सांगितलेल्या हिश्श्यांप्रमाणे. वस्तूंची किंमत ठरलेलीच नसेल तर एक तृतीयांश म्हणजे किती, हेसुद्धा कळणार नाही.

यादी कशी करायची

एक साधी वही घ्या. किमान दोन वारस, त्यात शक्यतो एक बहीण किंवा आई, हजर असताना एकेक खोली आणि एकेक कपाट उघडा. प्रत्येक वस्तूला नंबर द्या, मोबाईलवर फोटो काढा. वर्णन, वजन किंवा माप, कुठे सापडली, कागद किंवा पावती आहे का, हे लिहा. शेवटी सगळ्यांच्या सह्या घ्या. परदेशात असलेल्या भावा-बहिणीला फोटो आणि यादी पाठवा. यादी पूर्ण होईपर्यंत कुणीही काहीही घरी नेऊ नये. पुष्कळ भांडणं इथेच टळतात.

कुठल्या वस्तूची किंमत कशी

*सोनं-चांदी.* दोन वेगवेगळ्या सराफांकडून वजन आणि कस लिहून घ्या. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध, १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के. खडे, मोती आणि आत भरलेली लाख यांचं वजन वजा करायला सांगा. घडणावळ वाटणीत धरायची नाही, कारण विकताना ती परत मिळत नाही. वजन तोळ्यात सांगितलं तर नीट विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जुन्या दागिन्यांवर हॉलमार्क नसणं स्वाभाविक आहे. त्यांची तपासणी मशीनवर करून घेता येते.

*जुनी नाणी.* राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतच्या इंग्रज काळातल्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. म्हणून सन बघितल्याशिवाय ढिगाने वजन करू नका. मराठवाड्यातल्या घरांत निजामाचे हाली सिक्केही निघतात, त्यांची चांदी आणि वजन इंग्रज रुपयापेक्षा कमी. चांदीची किंमत ही तळाची किंमत समजा. दुर्मीळ सन किंवा टांकसाळ असेल तर संग्राहक जास्त देतात. नाणी चिंचेने किंवा पावडरने घासू नका, चमक येते पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

*७८६ च्या नोटा.* पुष्कळ घरांत अब्बांनी जपून ठेवलेल्या या नोटा असतात. हौशी लोक काही जास्त देतात, पण लाखो रुपयांच्या जाहिरातींना भुलू नका. जुन्या नोटा-नाणी विकत घेण्याच्या नावाखाली फी आणि टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. यादीत छापील किंमतच लिहा. खरंच गिऱ्हाईक मिळालं तर जास्तीची रक्कम सगळ्यांत वाटा.

बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा निघाल्या तर त्यांची किंमत शून्य. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा १० पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. नाणेसंग्रह किंवा अभ्यासासाठी ही मर्यादा २५ आहे.

*किताबं आणि हस्तलिखितं.* उर्दू-फारसी किताबं रद्दीत घालण्याआधी पहिलं आणि शेवटचं पान बघा. छापखाना, सन आणि आवृत्ती तिथे असते. लखनौचा नवल किशोर प्रेस १८५८ मध्ये सुरू झाला. त्याच्या जुन्या शिळाछापाच्या प्रती आजही शोधल्या जातात. वाळवी, ओल आणि फाटलेली पानं यांनी किंमत कमी होते. हाताने लिहिलेली किताब ७५ वर्षांपेक्षा आणि इतर कलावस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. दुबईच्या भावाकडे आठवण म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात ठेवा. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणीही करावी लागते, ती चौकशी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात करा.

*बिदरी, तांबं, पितळ.* बिदरी काम जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून आणि बिदरच्या मातीने काळं करून होतं. काळ्या भांड्यावर पांढरी नक्षी दिसली तर भंगारात देऊ नका, जाणकाराला दाखवा. साधी तांब्या-पितळेची भांडी मोडीच्या वजनाने धरायला हरकत नाही.

*कपडे, फर्निचर, घड्याळ, मोबाईल.* यांची किंमत म्हणजे आज बाजारात विकली तर जे मिळेल ते. नवीन घेताना दिलेली किंमत नाही.

*हत्यार.* लायसन्सची बंदूक असेल तर किंमत ठरवत घरी ठेवू नका. लगेच पोलीस ठाण्यात कळवून ती जमा करा.

कोणत्या दिवसाची किंमत

मृत्यूच्या क्षणापासून सगळे वारस भागीदार होतात, त्यामुळे मधल्या काळात भाव वाढला तर वाढही सगळ्यांची. म्हणून वाटणीच्या दिवसाचा बाजारभाव धरावा. अब्बांनी १९९० मध्ये काय भावाने सोनं घेतलं होतं, हा वाटणीचा हिशोब नाही.

एक उदाहरण

कर्ज आणि वसीयत वजा जाऊन ८,००,००० रुपयांचा तरका उरला. मागे बीवी, दोन मुलं आणि एक मुलगी आहे. मय्यतचे आई-वडील आधीच वारले आहेत. बीवीचा आठवा हिस्सा १,००,०००. उरलेल्या ७,००,००० चे पाच भाग. प्रत्येक मुलाला २,८०,००० आणि मुलीला १,४०,०००.

आता समजा ८०,००० चा नाण्यांचा संग्रह यादीतच आला नाही आणि मोठ्या भावाने ठेवून घेतला. आईचे १०,०००, बहिणीचे १४,००० आणि धाकट्या भावाचे २८,००० त्याच्याकडे राहिले. त्याला संग्रह हवाच असेल तर सोपा मार्ग आहे. ८०,००० ही किंमत धरून त्याने तो आपल्या हिश्श्यात घ्यावा आणि तेवढी रोख रक्कम कमी घ्यावी.

कोर्टाचं काय

मुसलमानाच्या वसीयतीसाठी प्रोबेट सक्तीचं नाही. पण बँकेतली ठेव, शेअर किंवा येणं वसूल करायला उत्तराधिकार दाखला मागितला जाऊ शकतो. तो १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी कोर्टातून मिळतो आणि त्याची कोर्ट फी रकमेवर ठरते. कुणी प्रोबेट घेतलंच तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब कोर्टात द्यावा लागतो. तुमची वही आणि सराफाची चिठ्ठी तिथे कामी येते.

वारसा मिळाला म्हणून आज भारतात टॅक्स लागत नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद झाली. पण दागिने, चित्रं किंवा पुरावस्तूंचा संग्रह विकला तर नफ्यावर टॅक्स लागू शकतो. तेव्हा मय्यतने घेतलेली किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. म्हणून जुन्या पावत्या फेकू नका.

दोन गोष्टींची खास काळजी

मय्यतचे कपडे आणि सामान खैरात करण्याची आपल्याकडे घाई असते. नीयत चांगली असते, पण वारसांत नाबालिग मूल असेल तर त्याच्या हिश्श्यातून खैरात करण्याचा अधिकार त्याच्या आईलाही नाही, चाचालाही नाही. आधी वाटणी करा, मग बालिग वारसांनी आपल्या हिश्श्यातून हवं तेवढं द्यावं.

दुसरं, "माझं काही नको, भावांनो तुम्हीच घ्या" असं बहीण म्हणाली की आपण विषय बंद करतो. ती माहेर तुटू नये म्हणून तसं बोलते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या हातात आधी किंमतीची यादी द्या, तिचा वाटा आकड्यात सांगा आणि तो तिच्या ताब्यात द्या. नंतर ती खुशीने परत देते की ठेवते, ती तिची मर्जी. एखादी ठरावीक वस्तू घेऊन बाकी हिस्सा सोडायचा असेल तर त्याला तखारुज म्हणतात. तो मुफ्ती साहेबांना विचारून, लेखी करावा.

वस्तू छोटी असली तरी हक्क छोटा नसतो. अल्लाह आपल्याला एकमेकांचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.