९.८ ए++ : खोक्याला मिळालेले मार्क

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतल्या डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये 'सुपर मारिओ ६४'ची एक कॉपी १५ लाख ६० हजार डॉलर्सना विकली गेली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. दोनच दिवस आधी तिथेच 'लेजंड ऑफ झेल्डा'ला ८ लाख ७० हजार डॉलर्स मिळाले होते, तो विक्रम दोन दिवसही टिकला नाही.

मारिओ ६४ दुर्मीळ म्हणावा, तर १९९६ साली आलेल्या या गेमच्या जगभर १ कोटीहून जास्त कॉपीज खपल्या. दुर्मीळ होतं ते खोक्यावरचं लेबल : ९.८ ए++. पहिला आकडा पुठ्ठ्याच्या खोक्याचा, दहापैकी. पुढचं अक्षर खोक्यावरच्या प्लास्टिक वेष्टनाचं. गेमला मार्क नाहीतच, कारण आतली कार्ट्रिज कोणी पाहिलेली नाही.

हे मार्क द्यायची पद्धत कुठून आली ते शोधायला लागलं की आपण व्हिडिओ गेम्सच्या पार मागे, तांब्याच्या नाण्यांपाशी पोचतो. संग्राहकांच्या तोंडी असलेला 'मिंट' हा शब्दही तिथलाच. मिंट म्हणजे टांकसाळ. टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखं नाणं, ते मिंट. मग हा शब्द कॉमिक्सना लागला, क्रिकेट-बेसबॉलच्या कार्डांना लागला आणि शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यांनाही.

शब्दांची अडचण अशी की एकाचं 'नवंकोरं' ते दुसऱ्याचं 'बरंय'. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या एक-सेंट नाण्यांवरच्या पुस्तकात यावर तोड काढली : १ ते ७० असे अंक. ७०च का? तर त्या वेळच्या बाजारात अगदी झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरला मिळत असेल, तर त्याच प्रकारचं सर्वोत्तम नाणं साधारण ७० डॉलर्सना जाई. म्हणजे अंक हाच गुणक. मूळ किंमत गुणिले अंक, की झालं उत्तर. आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असंच हे सूत्र आहे, आणि आमच्या धंद्यात होतं तेच त्याचं झालं. थोड्या वर्षांत बाजार बदलला, सूत्र बाद झालं, पण ७० तसाच राहिला. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांनीही तोच उचलला. जुन्या कोडमध्ये कोणीतरी लिहून ठेवलेला एखादा आकडा असतो. का लिहिला ते कोणालाच आठवत नाही आणि काढायची हिंमतही होत नाही. तसा हा ७०.

शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या अंगकाठीचे एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एंडोमॉर्फ हे जिमवाल्यांचे लाडके तीन प्रकार त्यांचेच. तिथेही ते प्रत्येक शरीराला १ ते ७ असे अंक देत. अंगकाठीवरून स्वभाव सांगायचा त्यांचा दावा विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला. आणि नाण्यांचं म्हणाल, तर त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्यांनी तिथे आपली हलकी नाणी ठेवली होती. दर्जातला फरक ओळखण्यात माणूस तरबेज होता, एवढं मान्य करायला हवं.

मग हे अंक पसरले. १९९१ साली पीएसएने खेळाडूंच्या कार्डांना १ ते १० दिले, २००० साली सीजीसीने कॉमिक्सना. गेम्सना आधी व्हीजीए ही कंपनी शंभरपैकी मार्क देत असे. २०१८ पासून डेन्व्हरच्या वाटा गेम्सने कॉमिक्ससारखी दहाची पट्टी आणली. (नाव वाचून मराठी माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'कोणाचा?')

वाटाच्या पट्टीत ९.२, ९.४, ९.६, ९.८ अशा पायऱ्या आहेत. कोपरा किंचित दबलेला, कडेला केसभर सुरकुती, एवढ्यावर पायरी बदलते. तपासणाऱ्याला बाकी बरंच कळावं लागतं, हेही खरं. जुन्या निन्टेन्डो खोक्यांच्या वेष्टनाला मागे एचच्या आकाराची शिवण असते. ती नसेल तर कोणीतरी घरी पुन्हा पॅक केलंय असा संशय येतो. १९८५च्या अगदी पहिल्या खोक्यांना वेष्टनच नव्हतं, नुसता गोल स्टिकर होता. हे ज्ञान अस्सल आहे, त्याबद्दल आदरच वाटतो. खटकतो तो दशांश. ९.८ हे ९.६ पेक्षा 'वरचं' आहे, एवढंच ही पट्टी सांगते, किती वरचं ते सांगत नाही. म्हणजे तो क्रम आहे, मोजमाप नव्हे. पण दशांश चिन्ह दिसलं की आपल्याला समोर ताणकाटा दिसायला लागतो. कंपनीत दरवर्षी मिळणारं ३.७ रेटिंग ज्यांनी घेतलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

एप्रिल २०२१ मध्ये ६ लाख ६० हजार डॉलर्सना गेलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८६च्या नाताळची भेट म्हणून घेतलेला होता. टेबलाच्या खणात टाकला आणि पस्तीस वर्षं विसरला. मिळाले ९.६ ए+. ज्या पोराने तो त्याच रात्री फोडून सकाळपर्यंत खेळला असता, त्याचा खोका आज किरकोळीत गेला असता. आमच्या पिढीच्या वाट्याला आलेल्या पिवळ्या कार्ट्रिजना तर खोकाच नसे. फुंकर मारून खोचायची, आणि '९९९९ इन वन'मध्ये खरे गेम जेमतेम वीसेक.

२०२१ सालीच एका यूट्यूबरने वाटा आणि हेरिटेज संगनमताने भाव फुगवतात असा आरोप केला. हेरिटेजच्या एका सहसंस्थापकाचं नाव वाटाच्या सल्लागारांत होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी वाटावर दावाही लावला. दरम्यान वाटाला पीएसएच्याच मालक कंपनीने विकत घेतलं होतं.

याच काळात व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. मला हा आकडा त्या दीड मिलियनपेक्षा मोठी बातमी वाटतो. सीलबंद झेल्डाच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह केलेला खेळ लक्षात ठेवायला एक बटण-सेल असतो. तो १९८७ पासून आत हळूहळू उतरतोय. सेल मेला की नाही ते वेष्टन फाडल्याशिवाय कळत नाही, आणि वेष्टन फाडलं की ए जातो.

डबी फोडणारे मात्र आहेत. नाण्यांच्या बाजारात ही जुनी युक्ती : सीलबंद डबी फोडायची, नाणं पुन्हा तपासायला पाठवायचं, या खेपेला अर्धा मार्क जास्त मिळतोय का बघायचं. या कंपन्या कुठल्या दर्जाची किती नगं आहेत याची यादीही छापतात. जुनं लेबल परत केलं नाही, तर तेच नाणं यादीत दोनदा मोजलं जातं. मालक तिसऱ्यांदा पाठवतो तेव्हा तीनदा.